ज्यानं मारलं त्यानं उठवायचं

१

मी डिस्का मारते. पोटापाण्याचा धंदाच आहे तो माझा. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. मजा येते.

लोकांचे फोटो, दवाखान्यांचे रिपोर्ट, ऑफिसांचे कागद असं सगळं ज्या मोठ्या पेट्यांमध्ये साठवतात, त्या आमची कंपनी बनवते. पेटीत ओळीनं डिस्का बसवलेल्या असतात. डिस्क आज ना उद्या मरतेच. ती मेली तरी आतलं काही हरवता कामा नये, एवढं पेटीनं सांभाळायचं. ती सांभाळते की नाही हे बघायचं तर कुणीतरी डिस्क मारून बघायला हवी. ते कुणीतरी म्हणजे मी.

खरोखर मारत नाही. खोटं मारते. डिस्क ठणठणीत असते, आपली गरगर फिरत असते. मी फक्त मधे एक छोटा प्रोग्राम बसवते. पेटी डिस्कला काही विचारते, डिस्क लगेच उत्तर देते, आणि ते उत्तर माझा प्रोग्राम मधल्यामधे गिळून टाकतो. पेटी थोडी वाट बघते. पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारते. मग तिचा नाद सोडते तो सोडतेच. शेजारच्या डिस्कांकडे हिच्यातलं थोडं थोडं आधीपासून ठेवलेलं असतं. ते तुकडे गोळा करून पेटी एका कोऱ्या, राखीव डिस्कवर हिचं सगळं पुन्हा उभं करते. बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. ही बिचारी मात्र जागच्या जागी फिरत राहते.

लॅबमध्ये एकच नियम कडक आहे: ज्यानं मारलं, त्यानं उठवायचं. चाचणी झाली की आपला प्रोग्राम आपण काढायचा. माझ्या आधी या खुर्चीवर जो होता, त्यानं एकदा डिस्क मारली आणि जेवायला गेला. परत आला तो दुसऱ्याच कामाला लागला. फिटरनं लाल दिवा बघितला, डिस्क उपसली आणि चुरडायच्या मशीनमध्ये घातली. चांगली डिस्क होती. हा फिटर म्हणजे लॅबमधला माझा जोडीदार. डिस्का बसवणं, काढणं, चुरडणं त्याच्याकडे, आणि दिवसभर माझ्याशी वाद घालणंही त्याच्याकडेच.

घरी आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी लेक, दुसरीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. तोंडही ठरत नाही. आई, मुंगीला शिंक येते का? आई, आरशातल्या खोलीत कोण झाडू मारतं? मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, बाई गं, या पोरीच्या प्रश्नांनी माझं डोकं उठतं. ते आपलं सांगण्यापुरतं. त्या पोरीनं उठल्यापासून झोपेपर्यंत "आई, आई" केलं नाही तर मला करमत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

२

सकाळची गडबड होती. मी डबे भरत होते. भिंगरी बाहेरच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून बसली होती.

"आई, कात्री कुठंय?"

"दुसऱ्या खणात," मी म्हणाले.

ती थांबली. कागदाकडे बघत राहिली.

"आई, कात्री कुठंय?"

"दुसऱ्या खणात म्हटलं ना. कान कुठे ठेवलेस?"

पुन्हा ती तशीच थांबली. मग तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मुलं दुसऱ्यांदा विचारताना आवाज चढवतात, तिसऱ्यांदा तर भोकाडच पसरतात. हिचा आवाज तसाच. तोच सूर, "कुठंय"वर तोच हेल. मी हातातलं झाकण खाली ठेवलं आणि दारात येऊन मोठ्यानं सांगितलं. ती उठली, माझ्या बाजूनं गेली आणि आतल्या खोलीत बापाला विचारलं.

"दुसऱ्या खणात," नवरा म्हणाला.

आता हे इथे सांगायला हवं, की माझ्या नवऱ्याला या घरातली एक वस्तू जागेवर सापडत नाही. स्वतःचे मोजे तो मला विचारून घालतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात दुसरा खण आहे हेच त्याला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अरे वा," मी म्हणाले. "आज सूर्य कुठून उगवलाय?"

तो दाढी करत होता. आरशात त्याचा हात जरासा थांबला आणि पुन्हा चालू झाला. मी डबा उचलला आणि कामावर गेले. बसमध्ये मला आपलं हसूच येत होतं.

३

लॅबमध्ये हसू गेलं.

फिटर ट्रे हातात घेऊन उभा होता. "वरच्या पेटीतली उठवलीस का?" त्यानं विचारलं.

"उठवली कधीच."

तो थांबला. मग म्हणाला, "वरच्या पेटीतली उठवलीस का?"

मी उत्तर दिलं नाही, मुद्दामच. किती वेळ थांबतो ते बघत राहिले. सकाळी भिंगरी थांबली होती तेवढाच थांबला. आणि तिसऱ्यांदा विचारलं. मग मान हलवली, स्वतःच पडद्याजवळ गेला, माझा पासवर्ड टाकला आणि बघून घेतलं. माझा पासवर्ड त्याला मी कधी सांगितलेला नाही. त्याच्या हाताला तो पाठ होता.

एरवी मी त्याची कॉलरच धरली असती. त्या दिवशी खाली बसले. पंख्यांचा घूंऽऽ आवाज चालू होता, तो कानात भरून राहिला. मी स्वतःला म्हणाले, बाई, दिवसभर एकच गोष्ट करतेस म्हणून तीच सगळीकडे दिसायला लागलीये. शिंप्याला जो तो उसवलेलाच दिसतो, तसंच हे.

मग मी माझी नेहमीची पद्धत धरली. आधी आपलीच चूक शोधायची. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. स्पष्ट होता, जरा जास्तच खणखणीत. जेवणाच्या सुट्टीत लांबच्या, कधी न गेलेल्या औषधांच्या दुकानात गेले आणि घशाच्या गोळ्या मागितल्या.

"घसा बसलाय का?" दुकानदारानं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तर काही वाटत नाही. आवाज छान आहे तुमचा, ताई."

त्या माणसाला मिठी मारावी असं वाटलं मला. परत येताना आमच्या फाटकावरच्या वॉचमनला नेहमीसारखं "काय काका, जेवलात का?" म्हटलं. रोज हसून हात वर करणारा माणूस. तो रस्त्याकडे बघत राहिला.

परक्यांना मी ऐकू येत होते. ज्यांच्याजवळ माझं थोडंफार काही होतं, त्यांनाच येत नव्हते.

४

त्या आठवड्यात घरातले प्रश्न आटत गेले. आधी तीनदा विचारायचे. मग एकदाच विचारायला लागले आणि उत्तराला न थांबता दुसरीकडे वळायला लागले. मग विचारेनातच. ताट माझं वाढलेलं असायचं. माझ्या अंगावर कुणी धडकत नव्हतं, खुर्चीला वळसा घालून जावं तसे जात होते. मी नवऱ्याचं मनगट गच्च धरलं एकदा. बाही खिळ्याला अडकली की माणूस थांबतो, तसा तो थांबला, हात सोडवून घेतला आणि टीव्ही लावला.

मी रडले. खोटं कशाला सांगू. न्हाणीघरात नळ सोडून चांगली हमसून रडले. मग तोंड धुतलं, आणि धुता धुता माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय केलंय? मी ठणठणीत आहे. विचारा मला काहीही, सगळं येतंय मला. मी ठरवलं, कुणी विचारो न विचारो, उत्तर द्यायचं. त्या दिवसापासून घरात कुणीही कुणालाही काही विचारलं की मी उत्तर देत होते. मीठ किती? चिमूटभर. दार लावलं का? लावलंय. आजी, हत्ती उडी मारतो का? नाही गं बाई, त्याला आपलं वजन माहीत आहे. माझंच घर आहे, मी का गप्प बसू?

रविवारी दुपारी जेवताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "त्या शाळेतल्या मोठ्या बाई, चपला काढून वर्गात एकट्याच दोरीच्या उड्या मारत होत्या."

माझा घास हातातच राहिला.

"हो," नवरा म्हणाला. "खिडक्या लावून घेतल्या होत्या त्यांनी. आणि मोजत होत्या, मोठ्यानं."

"चुकल्या की पहिल्यापासून मोजायच्या," भिंगरी म्हणाली. "आणि कपाटामागे लपलेली मुलगी हसू येऊ नये म्हणून स्वतःची वेणी चावत होती."

ती मुलगी मी होते. मी नऊ वर्षांची होते, खडू चोरायला गेले होते, आणि ते दृश्य मला इतकं आवडलं होतं की मी ते आयुष्यात कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. ते माझं एकटीचं होतं. आता त्याचे तीन तुकडे तीन तोंडांत होते.

"कुणाची गोष्ट आहे ही?" भिंगरीनं विचारलं.

"माझी," मी म्हणाले. "माझी आहे ती. भिंगरी, माझी आहे."

"कोण जाणे," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी वाढून घेतली.

५

मला पुढचं माहीत होतं, हेच वाईट होतं. दुसऱ्या कुणा बाईला वाटलं असतं, घरच्यांना काही झालंय, बाहेरची बाधा आहे, किंवा आपल्यालाच वेड लागतंय. मला क्रम पाठ होता. तीनदा विचारायचं, सोडून द्यायचं, शेजाऱ्यांकडून तुकडे गोळा करायचे, कोऱ्या डिस्कवर उभं करायचं. आणि ते उभं झालं, की जुनी उपसून काढायची.

सोमवारी लॅबमध्ये गेले ती तरातरा. माझे होते नव्हते ते सगळे प्रोग्राम काढून टाकले. एकही डिस्क मारलेली ठेवली नाही. सगळ्या पेट्यांवर हिरवे दिवे लागले. मग घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला. मी "आई, मी बोलतेय" म्हणाले. त्या थोडं थांबल्या आणि आत कुणाला तरी म्हणाल्या, "काही नाही, नुसतीच खरखर आहे." आत कुणाला म्हणाल्या? नवरा ऑफिसात होता आणि भिंगरी शाळेत.

म्हणजे इथला नव्हता तो हात. दुसऱ्याच कुणीतरी कुठेतरी बसून हे लावलं होतं. माझ्याविना घर चालतं का, एवढंच बघायचं असेल त्याला. चालत होतं की. छान चालत होतं. मुलगी वेळेवर शाळेत जात होती, नवऱ्याला मोजे सापडत होते. झाली ना तुझी चाचणी? मग उठव. मी चहाच्या मशीनसमोर उभी राहून छताकडे बघून हे मोठ्यानं म्हणाले. "झालं असेल तर उठव म्हणते मी. ज्यानं मारलं त्यानं उठवायचं असतं, एवढं साधं कळत नाही?" बाजूला दोघं जण चहा घेत उभे होते. त्यांनी बोलणं थांबवलं नाही.

आणि मग मला वाटलं, तो जेवायला गेला असेल. जेवायला गेला असेल आणि परत येऊन दुसऱ्याच कामाला लागला असेल.

जागेवर परत आले तर फिटर माझ्या खुर्चीजवळ उभा होता. तोंडानं शीळ घालत होता. चुरडायला न्यायच्या मालाला तो लाल चिकटपट्टी लावतो. ती त्यानं माझ्या खुर्चीच्या पाठीला लावली होती, वरून खाली, नीट अंगठ्यानं दाबून. मग त्यानं रोलमधून आणखी एक पट्टी ओढली, दातानं तोडली आणि इकडेतिकडे बघायला लागला, ही कुठे लावायची म्हणून.

मी खुर्चीवरची पट्टी टरकन ओढून काढली, चुरगळली आणि त्याच्या पायाशी टाकली. "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही," मी म्हणाले. "तू कोण रे मला नेणारा?" त्यानं बोळा उचलला, खिशात घातला आणि शीळ घालत गेला. दुसरी पट्टी त्याच्या बोटाला तशीच चिकटलेली होती. मी पर्स घेतली आणि त्याच्याकडे पाठ न करता लॅबमधून बाहेर पडले.

६

दुपारची घरी आले. किल्लीनं दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत उभी राहिले.

स्वयंपाकघरात नळ चालू होता. भांड्यावर पाणी पडल्याचा आवाज, मधेच बांगडी कडेला लागल्याचा. सासूबाई त्यांच्या खोलीत झोपल्या होत्या, दारातून त्यांचे पाय दिसत होते. भिंगरी शाळेतून आली होती, तिचा आवाज आतून येत होता.

"आई, झुरळाला गुडघे असतात का?"

किती दिवसांनी ती "आई" म्हणाली होती. उत्तर माझ्या ओठांवर आलंच होतं, आणि आतून कुणीतरी ते माझ्या आधी दिलं.

"असतात की. पण ते टेकवत नाही कुणापुढे."

माझा आवाज होता. माझाच विनोद, मी अजून न केलेला. भिंगरी खिदळली. "आई, मग ते झोपतं कसं?" आणि पुन्हा तिकडून उत्तर. आणि पुन्हा. एकावर एक प्रश्न, एकावर एक उत्तर, एकही चुकीचं नाही. मी भिंतीला धरून पुढे सरकले. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं असतं. त्या फटीतून ओट्याची कड दिसत होती, आणि ओट्यापाशी एक कोपर. बाही दोनदा दुमडलेली, मी दुमडते तशी. कोपरावरून पाणी ओघळत होतं. माझ्या त्या कोपरावर टाक्यांचा मोठा व्रण आहे, लहानपणी गच्चीवरून पडले होते त्याचा. ते कोपर गुळगुळीत होतं. कोरं होतं.

मी दार ढकललं. भीती वाटत होती म्हणूनच जोरात ढकललं.

नळ चालू होता. ओट्यावर एक पेला पालथा होता, नुकता धुतलेला, निथळत होता. कुणी नव्हतं. भिंगरी स्टुलावर बसून पाय हलवत होती आणि ओट्याकडे, साधारण माझ्या उंचीवर, बघून हसत होती. हसता हसता तिनं माझ्याकडे मान वळवली. दार वाऱ्यानं उघडलं की आपण बघतो, तेवढंच बघितलं. मग स्टुलावरून उतरली, दार पुन्हा लोटलं आणि जागेवर जाऊन बसली. माझ्या तोंडावर लोटलं तिनं दार.

दाराच्या अलीकडे मी उभी होते. पलीकडे नळ बंद झाला.

७

पळून जायचं मनात आलं नाही असं नाही. परक्यांना ऐकू येत होतेच मी. दुसऱ्या गावी जाऊन काहीतरी करून पोट भरता आलं असतं. पण मग भिंगरीला गुडघ्यांचं कोण सांगणार? ती? जिच्या अंगावर पडल्याझडल्याचा एक ओरखडा नाही, ती माझ्या पोरीला वाढवणार? वाढवली मी. रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवली मी. मी नाही सोडणार जागा.

आमच्याकडे कधी कधी प्रोग्राम अडकतो. काही केल्या निघत नाही. मग शेवटचा उपाय असतो, अगदी आडमुठा. डिस्क हातानं बाहेर ओढायची. ती फिरायची पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायची. आणि पुन्हा आत ढकलायची. पेटीला वाटतं, काहीतरी नवीन आलं, आणि मग तिला विचारावंच लागतं: तू कोण? त्या उत्तरावर सगळं असतं. पटलं तर ती डिस्कला परत जागा देते. नाही पटलं तर तिच्यावरचं सगळं पुसून टाकते आणि कोरी करून ठेवते. दोन्ही होताना मी पाहिलंय. कधी काय होईल, सांगता येत नाही.

मी पर्स काढली, खुंटीला लावली. किल्ल्या तिच्या आत. फोनही ठेवला. बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आपोआप लागणारं कुलूप खट्कन लागलं.

इमारतीलगतच्या फुटपाथवर एक बाक आहे, आमच्या खिडकीच्या बरोबर खाली. तिथे बसले. आता थांबायचं होतं, आणि थांबणं मला कधी जमलेलं नाही. इतके दिवस कुणी न विचारताही मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत आले होते, तेच आता सोडायचं होतं. खिडकी उघडी होती. भिंगरीचा आवाज खाली येत होता. आई, ढगाला वजन असतं का? आई, तुझं लहानपणी नाक असंच होतं? प्रत्येक वेळी माझी जीभ उचलली जात होती आणि मी ती दातांखाली धरत होते. तोंडात रक्ताची चव आली. शेजारी एक म्हातारा येऊन बसला, वेळ किती झाली विचारलं. मी त्यालाही सांगितलं नाही. तो चिडून उठून गेला.

हळूहळू आतलं गरगरणं कमी झालं. ढगांना वजन असतं का, हे मला आठवेनासं झालं. मग ते विचारतंय कोण, तेही जरा पुसट वाटायला लागलं. तेव्हा मात्र मी घाबरले आणि उठले. खोल्यांमधले दिवे लागले होते. जिना चढताना मी एकच गोष्ट धरून ठेवली होती, की वर माझी मुलगी आहे.

८

मी बेल दाबली.

आत खुर्ची सरकली. धावत येणारी पावलं. ही पावलं मी कुठेही ओळखेन.

"कोण?" भिंगरीनं विचारलं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. प्रश्न होता. मलाच विचारलेला प्रश्न होता.

"मी," मी म्हणाले.

ती थांबली. किती थांबते हे मला आता माहीत होतं. "कोण?" पुन्हा तोच सूर.

"मी आहे गं."

"कोण?"

तिसरं झालं. मी दाराला कपाळ टेकवलं. "मी," एवढंच पुन्हा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आता पावलं परत जाणार होती. गेली की मी पुन्हा बेल दाबणार होते, आणि पुन्हा, बेल जळेपर्यंत. तिला विचारायला लावल्याशिवाय मी हलणार नव्हते.

पावलं गेली नाहीत. दाराखालच्या फटीत उजेड होता, आणि उजेडात तिच्या पायांच्या दोन सावल्या. एका पायानं दुसरा खाजवत होती.

"मी म्हणजे कोण?" ती म्हणाली. हळू आवाजात. हा सूर वेगळा होता.

आई, असं म्हणून उपयोग नव्हता, आई आत होती. माझं नाव, माझी शाळा, तिच्या जन्माच्या वेळचं काहीही सांगितलं असतं तरी ते आत होतं. तुकड्यातुकड्यांनी गोळा करून नीट लावून ठेवलेलं होतं. मी विचार केला, माझ्याजवळ असं काय आहे, जे या घरात कुणाहीजवळ नाही?

"तू विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी इतके दिवस उत्तर देतेय," मी म्हणाले, "आणि तुला एकही ऐकू आलेलं नाही. ती मी. हत्तीचं दिलं, दाराचं दिलं. कुणी मला विचारत नव्हतं तरी देत होते. आजच्या दिवसाची सोडली तर एकही चुकवलेलं नाही."

मग मागून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, ओल्या पावलांचा आवाज जवळ आला आणि थांबला.

"भिंगरी," माझा आवाज म्हणाला. "उघडू नकोस."

"का?" भिंगरीनं विचारलं.

"मी सांगते म्हणून."

अगदी बरोबर उत्तर होतं. मी तेच दिलं असतं, त्याच ठसक्यात, एक बोट वर करून. आजवर हजारदा दिलंय. आणि एकदाही, अगदी एकदाही, माझ्या लेकीनं ते ऐकलेलं नाही.

साखळी खाली पडल्याचा आवाज झाला. मग कडी सरकली. दार बोटभर उघडलं, आणि त्या फटीत मी आधी माझा पाय घातला.